भोकाचा मध्य : गोल भागांच्या आरेखनाचा एक इतिहास

'त्रिज्या' हा शब्द आपल्याला शाळेत भेटतो आणि आयुष्यभर त्याची फोड करावी असे कुणाला वाटत नाही. तीन ज्या कुठल्या? उत्तर भूमितीच्या पुस्तकात नाही, ते ज्योतिषात आहे. वर्तुळाच्या बारा राशी धरल्या, तर तीन राशी म्हणजे ९० अंश. त्या कोनाची ज्या बरोबर मध्यापासून परिघापर्यंतच्या रेषेएवढी भरते. म्हणून ती त्रिराशिज्या, आणि पुढे नुसती त्रिज्या. हा आकाश मोजणाऱ्यांचा शब्द आहे. ते मध्याशी उभे राहून बाहेर पाहतात.

कारखान्यात हा शब्द चालत नाही. तिथे पहिला प्रश्न 'डाया किती?' हा असतो. टर्नर लोखंडाच्या कांबीला बाहेरून कॅलिपर लावतो आणि जे मिळते ते व्यासाचे माप असते. त्रिज्या त्याला मोजताच येत नाही, कारण कांबीच्या पोटातला मध्य हाताला लागत नाही. भोकाचे तर त्याहून कठीण. भोकाचा मध्य म्हणजे जिथे लोखंड उरलेलेच नाही अशी जागा.

एक माणूस मध्यापासून सुरुवात करतो आणि दुसरा कडेपासून. गोल यंत्रभागांच्या आरेखनाचा इतिहास हा मला या दोघांच्या दीर्घ वाटाघाटींचा इतिहास वाटतो. आरेखक म्हणून माझी उमेद ड्रॉइंग बोर्डावर गेली आणि उतरती वर्षे संगणकासमोर गेली. त्यामुळे या वाटाघाटीचा शेवटचा अंक मला जवळून पाहता आला. आधीच्या अंकांसाठी थोडे मागे जावे लागेल.

आमचे तुडील महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातले. तिथे काय आणि घाटावर काय, गोल वस्तू करणारे पहिले कारागीर सुतार आणि लोहार. बैलगाडीच्या चाकात सुताराचा हिशेब मध्यापासूनचा. आधी तुंबा, मग त्यात ठोकलेले आरे, मग आऱ्यांच्या टोकांवर बसणारे वळणाचे लाकडी तुकडे. खिळा, दोरी आणि कोळशाची खूण एवढ्यावर त्याचे वर्तुळ निघते. लोहाराचे काम मात्र बाहेरून. त्याला लोखंडी धाव चढवायची असते आणि त्यासाठी त्रिज्या नको, व्यासही नको. त्याला हवा परीघ. चाकाभोवती दोरी फिरवायची, त्या लांबीपेक्षा पट्टी किंचित आखूड तोडायची, तिचे कडे करून भट्टीत लाल होईस्तोवर तापवायचे, फुगलेले कडे चाकावर घालायचे आणि वरून पाणी ओतायचे. १२०० मिलिमीटर व्यासाची धाव ४०० अंश सेल्सिअसने तापवली तर तिचा व्यास साधारण पावणेसहा मिलिमीटरने वाढतो. थंड होताना ती आवळते आणि सगळे सांधे करकचून बसतात. आज अभियांत्रिकीच्या वर्गात याला 'इंटरफिअरन्स फिट' म्हणतात आणि त्याची कोष्टके देतात. लोहाराचे 'किंचित' हेच त्याचे कोष्टक होते.

गंमत अशी की या व्यवहारात 'पाय'ची गरजच पडत नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त परीघ आणि व्यास यांची दोन गुणोत्तरे दिली : सूक्ष्म हवे तर ३९२७ भागिले १२५० आणि व्यवहारापुरते हवे तर २२ भागिले ७. पहिल्याने ३.१४१६ येते. दुसरे वापरले तर १२०० मिलिमीटरच्या चाकाच्या परिघात दीड मिलिमीटरची चूक होते. दोरी फिरवणाऱ्या लोहाराला या भानगडीत पडावेच लागले नाही.

पण या पद्धतीची एक मर्यादा होती. धाव त्याच चाकाला बसे, ज्याच्यावरून माप घेतले. दुसऱ्या गावच्या चाकाला ती लागेलच असे नाही. करणारा आणि वापरणारा एकमेकांना ओळखत, मोडले तर चाकच उचलून लोहाराकडे नेत, तोवर चित्राची गरज नव्हती. एकाने सांगायचे आणि शंभर कोसांवरच्या, कधीही न भेटलेल्या दुसऱ्याने करायचे अशी वेळ आली, तेव्हा कागद मध्ये आला. फ्रान्समध्ये गास्पार मोंज याने एकच वस्तू दोन लंब पातळ्यांवर उतरवण्याची रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बसवली. लष्करी शाळेत ती काही काळ गुप्त ठेवली गेली होती, यावरून तिची किंमत कळावी. गोल भाग या रीतीत एका बाजूने वर्तुळ दिसतो आणि दुसऱ्या बाजूने साधा आयत. हे पहिल्यांदा समजते तेव्हा विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर येणारा अविश्वास अजूनही तसाच असतो.

मुंबईत ही विद्या शिकवणाऱ्या संस्थांत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे नाव आधी घ्यावे लागते. १८८७ साली ती सुरू झाली, माटुंग्याला आली ती १९२३ मध्ये. आणि तिथल्या मास्तरांत नाव घ्यावे लागते लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला. पण काही रंगांतला फरक त्याच्या डोळ्यांना कळत नसल्याचे ध्यानात आले आणि रंगचित्रण संपले. राहिले ते मेकॅनिकल ड्रॉइंग, जिथे शाई काळी आणि कागद पांढरा. पुढे व्हीजेटीआयमध्ये ते हाच विषय शिकवू लागले, बढतीत डावलले गेल्यावर ती नोकरी सोडून बेळगावला गेले, भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापायचे यंत्र केले, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ही कथा मराठी वाचकाला पाठ आहे. ज्या 'किर्लोस्कर' मासिकाने आपल्या आधीच्या पिढ्या घडवल्या, त्याचा जन्मही १९२० साली कारखान्याचे खबरपत्र म्हणून झाला.

या कथेत उद्यमशीलतेचा गौरव भरपूर होतो, पण लक्ष्मणराव मुळात ड्रॉइंगचे मास्तर होते, याकडे पुरेसे लक्ष जात नाही असे मला वाटते. सायकल आणि नांगर यांत फरक काय? सायकल तयार येते आणि विकली जाते. नांगर आपण करायचा, तो शेकडो शेतकऱ्यांकडे जायचा, आणि त्याचा झिजलेला भाग बदलायला दुसरा पाठवला की तो न ठोकता-ठाकता बसला पाहिजे. त्यासाठी बोल्टाचे भोक दर वेळी त्याच जागी हवे. म्हणजे भोकाचा मध्य कुठल्या तरी कडेपासून मोजून कागदावर लिहिलेला हवा. ही शिस्त फळ्यावर शिकवलेला माणूस कारखाना काढतो, तेव्हा त्याच्या मालात ती उतरते.

ओतकामात तर ही शिस्त आणखी एका पायरीने अवघड होते. ओतीव लोखंड थंड होताना आकसते, फुटामागे साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून लाकडाचा नमुना करणाऱ्या सुताराची फूटपट्टीच वेगळी, थोडी ताणलेली असते. कागदावर १२ इंचांची पुली असेल तर लाकडी नमुना सव्वाबारापेक्षा कमी पण बारापेक्षा एक सूत जास्त. हा 'सूत' शब्द कारखान्यांत अजून जिवंत आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती पत्रा, चार सुती सळई. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली, पण सूत काही हटला नाही. महाडच्या लोखंडाच्या दुकानात आजही मिलिमीटरच्या सळईला सुताच्या नावाने हाक मारतात आणि दोघांनाही बरोबर कळते.

सूत मात्र एका जागी हरतो. शाफ्ट बुशमध्ये फिरायचा असेल तर दोघांच्या व्यासांतला फरक सुतात सांगता येत नाही, मिलिमीटरातही नाही. तिथे हजारांश लागतात. समजा ५० मिलिमीटरचे भोक 'एच ७' दर्जाचे ठरवले, तर ते ५०.००० ते ५०.०२५ यांत कुठेही चालेल. त्यात सैलसर फिरणारा 'जी ६' दर्जाचा शाफ्ट ४९.९७५ ते ४९.९९१ यांत हवा. ही दोन अक्षरे आणि दोन आकडे म्हणजे लोहाराच्या 'किंचित'ला मिळालेले लेखी रूप. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने आरेखनाची आणि अशा जोडमापांची मानके काढली, आणि मग पुण्याचा शाफ्ट नाशिकच्या बुशात भरवशाने बसू लागला. या मानकांबद्दल मराठीत कुणी काही लिहिले नाही, याचे मला नवल वाटते. आपल्या अर्ध्या शहरांचा संसार त्यांच्यावर चालला.

महाराष्ट्रात आरेखनाची दुसरी एक वाट होती आणि ती खेड्यापर्यंत पोचलेली होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय ग्रेड परीक्षा. त्यात स्मरणचित्र आणि स्थिरचित्राबरोबर भूमिती आणि अक्षरलेखन असे. कंपासपेटीतल्या पेन्सिलीला टोक काढून काढून, दोन वर्तुळांना स्पर्श करणारे तिसरे वर्तुळ काढणाऱ्या कोकणातल्या कितीतरी मुलांना ठाऊकही नव्हते, की आपण चित्रकार होण्याऐवजी आरेखक होण्याच्या मार्गाला लागलो आहोत. आयटीआय, मग मुंबई, मग कुणाकुणाचे आखात. सरकारी खात्यांत या पदांना सुंदर मराठी नावे होती : आरेखक, सहायक आरेखक, आणि सर्वांत खाली अनुरेखक. अनुरेखकाने फक्त दुसऱ्याची रेष गिरवायची.

बोर्डावरच्या कामाचा क्रम इथे नीट सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. गोल भाग काढताना पहिली रेष वर्तुळाची नसे. आधी मध्यरेषा, लांब-आखूड-लांब अशा तुकड्यांची. उभी एक, आडवी एक. त्या जिथे कापतील तिथे परकाराचे टोक. ('परकार' शब्द फारसीतून आला आणि मराठीत इतका मुरला की परका वाटत नाही.) मध्यरेषा नसेल तर परकार टेकवायचा कुठे? म्हणजे मध्य हा आरेखकाच्या हातून आपोआप कागदावर पडे. त्याने आळस करायचा म्हटले तरी तो टळत नसे. मग भोकांचे वर्तुळ, ज्याला सगळे 'पीसीडी' म्हणतात, तेही तुटक रेषेने. मग भोके. मापे सगळ्यांत शेवटी, आणि त्यांचा नियम साधा : पूर्ण वर्तुळाला व्यास, कंसाला त्रिज्या. कारण सरळ आहे. पूर्ण गोल कॅलिपरने मोजता येतो, आणि कोपऱ्याच्या वळणाला मोजायला समोरची कडच नसते.

आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक सूचना असे : चित्रावर पट्टी लावून माप घेऊ नये. घाटावरच्या माणसाला ही औपचारिकता वाटेल. कोकणातल्या माणसाला वाटत नाही. आषाढात ट्रेसिंग पेपर ओल धरतो, फुगतो, त्याच्या कडा लाटेसारख्या उठतात. त्यावरून काढलेली अमोनिया प्रिंट सुकताना आणखी वेगळी आकसते. ३०० मिलिमीटरचे वर्तुळ प्रिंटवर ३०१ भरले तर आश्चर्य नसे, आणि उभे-आडवे वेगवेगळे भरले तर तेही नाही. म्हणून रेषेवर विश्वास नाही, आकड्यावर आहे. माप बदलले आणि चित्र पुन्हा काढायला वेळ नसला तर आकड्याखाली रेघ मारत. त्या रेघेचा अर्थ : हे चित्र प्रमाणात नाही, पण आकडा खरा आहे. चित्र खोटे बोलू शकते हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेले होते.

संगणकाने हेच उलटे केले. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या तरुणाने 'स्केचपॅड' हा कार्यक्रम आपल्या प्रबंधासाठी लिहिला. पडद्यावर प्रकाश-लेखणी टेकवून मध्य दाखवायचा, बटण दाबायचे, मग परिघावरचा बिंदू दाखवायचा. वर्तुळ तयार. म्हणजे सुरुवात पुन्हा मध्यापासून, ज्योतिषांच्या बाजूने. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आले, आपल्याकडे संगणकाची आयात सैल झाल्यावर ते मोठ्या कारखान्यांत आणि मग गल्लीतल्या दुकानांत पोचले. त्यातली वर्तुळाची आज्ञा आजही मध्य विचारते आणि लगेच त्रिज्या मागते. व्यास द्यायचा असेल तर आधी 'डी' हे अक्षर दाबावे लागते. ५० व्यासाच्या भोकाला घाईत नुसते ५० टाकले की १०० चे भोक होते. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगत असे : यंत्र त्रिज्येत विचार करते, तुझा टर्नर व्यासात, आणि तू मध्ये बसला आहेस. पुढे संगणकी लेथ आले. त्यांच्यात आडव्या अक्षाचे आकडे बहुधा व्यासातच देतात. तिथे टर्नर जिंकला.

ऑटोकॅडचे वर्तुळ खरे तर रेष नसतेच. फायलीत त्याचा मध्य आणि त्रिज्या एवढेच आकडे असतात. पडद्यावर जे दिसते ते बारीक बारीक सरळ तुकड्यांचे बहुभुज, आणि मोठे करून पाहिले तर जुन्या आवृत्त्यांत ते कोपरे स्पष्ट दिसत. चित्र पुन्हा घडवायची आज्ञा दिली की गोल होत. आकडा खरा आणि रेष त्याची सावली, हे बोर्डावर जे संकेताने मानले होते ते इथे शब्दशः झाले. कागद फुगणे संपले. वर्तुळावर टिचकी मारली की फायचे चिन्ह लावून व्यास आपोआप लिहिला जातो, आकडा कुणाला लिहावा लागत नाही.

लाभ उघड आहेत. सहा भोके समान अंतरावर मांडायला बोर्डावर कोनमापक आणि अर्धा तास लागे, इथे एक आज्ञा. पण एक गोष्ट निसटली आणि ती लक्षात यायला वर्षे गेली. इथे वर्तुळ आधी येते, मध्यरेषा नंतर, वेगळ्या आज्ञेने, आठवण झाली तर. परकाराच्या टोकाने जे सक्तीने करून घेतले ते आता मर्जीवर आले. पडद्यावर काम करणाऱ्याला मध्य हवा तेव्हा मिळतो, माऊस जवळ नेला की तो चमकतो. म्हणून त्याला तो कागदावर दाखवायची गरज वाटत नाही. फाईल छापून कारखान्यात गेली की तिथल्या माणसाजवळ चमकणारा बिंदू नसतो. दुसरे असे, की आपोआप आलेला आकडा पुसून हाताने दुसरा टाकता येतो, आणि त्याखाली रेघ मारायची रीत मात्र नव्या पिढीने उचलली नाही. चित्र आता खोटे बोलत नाही अशी सगळ्यांची समजूत झाली होती, त्यामुळे ते बोलले तर कुणी संशय घेत नाही.

या कथेला एक मराठी मुलखातला पैलूही आहे. मुंबईत गोदरेज समूहातून निघालेल्या जिओमेट्रिक सॉफ्टवेअर या कंपनीने १९९० च्या दशकात सॉलिडवर्क्ससाठी 'फीचरवर्क्स' नावाचे साधन घडवले. दुसऱ्या प्रणालीतून आलेल्या मुक्या घन आकृतीत भोक कुठले, खाच कुठली हे ते ओळखते, आणि पुन्हा बदलता येईल असे करते. गोल पोकळी पाहून 'हे भोक आहे, याचा मध्य इथे आणि व्यास एवढा' असे यंत्राने सांगायचे. फिटर जे डोळ्यांनी करतो तेच.

फिटरचे ते काम महाडमध्ये अचानक फार महत्त्वाचे झाले. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचे पाणी शहरात शिरले ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पाण्यात एका लहान वर्कशॉपमधले ड्रॉइंगचे कपाट गेले. प्रिंट गळून लगदा झाल्या आणि संगणकही तळमजल्यावरच होता. वर्कशॉप आसपासच्या रासायनिक कारखान्यांना पंपांचे, टाक्यांचे सुटे भाग पुरवी. आता भाग होते, चित्रे नव्हती. मला बोलावले ते पुन्हा चित्रे करायला.

रासायनिक कारखान्यात गोल भागांचे राज्य असते : फ्लँज, इम्पेलर, सील, बुश. पैकी फ्लँज दिसायला सर्वांत साधा. चिखल धुतल्यावर एक समोर ठेवला. आठ भोके. पीसीडी किती? भोकांच्या मध्यांना कॅलिपर लागत नाही. म्हणून समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधले अंतर घ्यायचे आणि त्यात एका भोकाचा व्यास मिळवायचा. १७१.५ आले, भोक १९ चे. बेरीज १९०.५. हा आकडा दिसला की कळते, हा मिलिमीटरात जन्मलाच नाही. हे साडेसात इंच. चार इंची, दीडशे क्लासचा अमेरिकी मानकाचा फ्लँज, बाहेरून ९ इंच. शेजारचा दुसरा जवळपास तसाच, आठ भोकांचाच. पण त्याचे उत्तर १८० आले, बाहेरून २२०. तो युरोपीय मापाचा. नुसत्या नजरेने दोघांत गल्लत सहज होते, आणि झाली तर बोल्ट घुसत नाहीत. कुणीतरी भोके घासून वाढवतो, गॅस्केट वेडीवाकडी दबते, आणि तिथून आम्ल ठिबकते. त्या टाकीखाली माणसे काम करतात.

भोकांची दिशाही तपासावी लागली. नळकामात संकेत असा, की उभ्या मध्यरेषेवर भोक येऊ द्यायचे नाही. दोन भोके तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवीत. आठ भोकांत पहिले भोक मध्यरेषेपासून साडेबावीस अंशांवर पडते. सॉफ्टवेअरमध्ये पहिले भोक वर, बारा वाजताच्या जागी काढून आज्ञा दिली की आठही भोके चुकीच्या जागी, अगदी अचूकपणे चुकीच्या जागी बसतात. सुटा फ्लँज फिरवून घेता येतो. टाकीला वेल्ड केलेला फिरवता येत नाही.

चाळीसेक भाग झाले तेव्हा वर्कशॉपच्या तरुण मालकाने विचारले, प्रत्येक चित्रात मी वर्तुळाआधी त्या तुटक रेषा का काढतो, शेवटी एका आज्ञेत येतात की. मी त्याला इम्पेलरचा झिजलेला बुश दिला आणि मध्य दाखवायला सांगितले. त्याने बोट आतल्या पोकळीत धरले, जरा हलवले, मग हसला. उरलेली चित्रे त्यानेच केली. प्रत्येकावर मध्यरेषा आहेत, आणि १९०.५ समोर कंसात त्याने स्वतःहून '७ १/२ इंच' असे लिहिले आहे. कपाट आता माळ्यावर आहे.